सशाचें पिल्लूं : ओळख व संगोपन

मराठींत 'ससा' हा एकच शब्द आहे आणि तो आम्ही दोन निरनिराळ्या प्राण्यांना लावतों. शेताच्या बांधावरून टुणकन् उडी मारून दिसेनासा होणारा तोहि ससा, व पिंजऱ्यांत गवत खात बसलेला पांढराशुभ्र, तांबड्या डोळ्यांचा तोहि ससाच. संस्कृतांतील 'शश' हा रानांतला ससा होय. चंद्रास शशी व शशांक हीं नांवें त्याच्यावरूनच मिळालीं. पाळींव ससा मात्र आमच्याकडे परदेशांतून आलेला पाहुणा आहे. त्याचें मूळ घर युरोपच्या नैर्ऋत्य भागांत, म्हणजे स्पेन व पोर्तुगाल ह्या देशांच्या बाजूस. एका नांवानें होणारा हा घोटाळा क्षुल्लक वाटेल. परंतु कोणी एखादें पिल्लूं उचलून घरीं आणतो, तेव्हां त्या पिलाचा जीव पुष्कळदां ह्याच भेदावर अवलंबून असतो.

शाळेंतील मुलांस सशाची आवड फार. पिल्लूं घरीं आलें कीं पहिला प्रश्न निघतो तो असा कीं, ह्याचें नांव काय ठेवावें? आणि दुसरा, ह्यास गाजर द्यावें काय? ह्या दोन्ही प्रश्नांच्या आधीं आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत, असें आमचें मत आहे. हें पिल्लूं रानांतलें कीं पाळींव? ह्याचें वय किती? आणि तें आज कोणत्या स्थितींत आहे? कुत्रें भुंकून सांगतें, मांजर ओरडून मागतें. ससा बहुधा कांहींच बोलत नाहीं. तो उपाशी असो, आजारी असो वा भ्यालेला असो, सर्व मुकाट्यानें सोसतो. म्हणून सशाच्या बाबतींत ओळख हेंच अर्धें संगोपन होय. 'ससेहोलपट' हा शब्द आम्ही नित्य वापरतों. अजाण परंतु प्रेमळ हातांत पडलेल्या पिलाची ती अक्षरशः होते.

१. रानांतलें कीं पाळींव?

महाराष्ट्राच्या माळरानांत व शेतांत आढळणाऱ्या सशास शास्त्रज्ञ 'लेपस नायग्रीकॉलिस' असें म्हणतात. ह्या लॅटिन नांवाचा अर्थ 'काळ्या मानेचा' असा आहे. कारण त्याच्या मानेच्या मागील बाजूस काळा डाग असतो. पाळींव सशाचें शास्त्रीय नांव 'ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस'. हे दोघे एकमेकांचे दूरचे नातेवाईक खरे, परंतु त्यांच्या शाखा इतक्या वेगळ्या आहेत कीं, त्यांची आपसांत प्रजा होत नाहीं.

त्यांच्या पिलांतील भेद जन्मापासूनच दिसतो. पाळींव सशाची मादी सुमारें ३१ दिवस गर्भ वागवते आणि स्वतःच्या अंगावरचे केस उपटून केलेल्या मऊ घरट्यांत पिलें घालते. तीं जन्मतात तेव्हां उघडींनागडीं, आंधळीं व बहिरीं असतात. रानसशाची मादी बीळ करीत नाहीं. गवतांतल्या एखाद्या उथळ खळग्यांत तिचीं पिलें जन्मास येतात. तिचा गर्भकाल सुमारें सहा आठवड्यांचा असल्यामुळें तीं पिलें जन्मतःच अंगभर केसांनीं झांकलेलीं असतात व त्यांचे डोळे उघडे असतात. उघड्यावर जन्मणाऱ्यास निसर्गानें जणूं तयारी करूनच पाठविलें आहे.

तेव्हां मुठीएवढें पिल्लूं शेतांत सांपडलें, त्याचा रंग मातीसारखा करडा-तपकिरी आहे, मागचे पाय लांबट आहेत आणि डोळे टक्क उघडे आहेत, तर तें रानसशाचें समजावें. महाराष्ट्राच्या रानांत पाळींव ससे रानटी होऊन वस्ती करून राहिलेले नाहींत. उलट पांढरें, काळें किंवा ठिपकेदार पिल्लूं पाळींव सशाचेंच असतें. पाळींव सशांतहि करड्या रंगाचीं पिलें होतात. म्हणून रंगाबरोबर 'तें मिळालें कोठें' हा प्रश्न नेहमीं विचारावा.

ऊंसतोडणीच्या वेळीं, तसेंच गहूं व हरभरा काढण्याच्या दिवसांत रानसशाचीं पिलें पुष्कळदां लोकांच्या हातीं लागतात. जवळपास आई दिसत नाहीं, म्हणून 'आईनें टाकलें बिचाऱ्याला' असें म्हणून दयाळू मुलें तें घरीं आणतात. येथें दयाच घातक ठरते. रानसशाची आई दिवसभर पिलापासून मुद्दाम दूर राहते; ती जवळ बसून राहिली तर कोल्ह्याकुत्र्यांस पिलाचा पत्ता लागेल. अंधार पडूं लागला म्हणजे ती येते, थोडा वेळ पाजते व निघून जाते. पिल्लूं एकटें आहे म्हणजे तें पोरकें आहे, असें मुळींच नव्हे. तें जेथें सांपडलें तेथेंच, किंवा यंत्राचें व कोयत्याचें भय असल्यास अगदीं जवळच्या झुडपाच्या आडोशास ठेवावें व आपण दूर व्हावें. माणसाचा हात लागला म्हणून आई त्यास टाकील, ही समजूत निराधार आहे. पिल्लूं जखमी असल्यास वनखात्यास कळवावें. भारतीय रानससा हा १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमानें संरक्षित प्राणी आहे. त्यास पकडणें व घरीं पाळणें हा गुन्हा आहे. शिवाय पिंजऱ्यांत तो क्वचितच जगतो. म्हणून येथून पुढें आम्ही जें लिहिणार आहों, तें सर्व पाळींव सशाविषयीं समजावें.

२. वय कसें ओळखावें?

जत्रेंत किंवा बाजारांत टोपलींत भरून विकलीं जाणारीं पिलें पुष्कळदां फारच लहान वयाचीं असतात. लहान पिल्लूं अधिक गोजिरवाणें दिसतें व लवकर विकलें जातें, हें त्याचें साधें कारण. विकणारा 'दोन महिन्यांचें आहे' असें सांगतो. आपण पिलाकडे पाहून खात्री करावी. त्यासाठीं पुढील खुणा उपयोगी पडतील :

पहिला दिवस : अंग उघडें, डोळे व कान मिटलेले.
सुमारें ७ दिवस : अंगावर मखमलीसारखी बारीक लव.
१० ते १२ दिवस : डोळे उघडतात.
१८ ते २१ दिवस : पिल्लूं घरट्याबाहेर येतें व कोवळें गवत कुरतडूं लागतें.
४ आठवडे : ससा पूर्ण दिसतो, परंतु डोकें वाटोळें, कान आंखूड, चाल डगमगती, दूध अजून चालू असतें.
८ आठवडे : तोंड लांबट, कान वाढलेले, उड्या भक्कम; दूध सुटलेलें व गवत भरपूर खातें.

वजनावरून वय ठरवूं नये. कारण लहान चणीच्या जातीचें आठ आठवड्यांचें पिल्लूं मोठ्या जातीच्या चार आठवड्यांच्या पिलाएवढेंच भरूं शकतें.

पिल्लूं आईपासून आठ आठवड्यांपूर्वीं तोडूं नये, असें जाणते लोक सांगतात. ह्याचें कारण केवळ माया नव्हे. तें पिलाच्या पोटांत आहे. ससा गवतावर जगतो, आणि गवत पचविण्याचें काम त्याच्या आंतड्याच्या एका मोठ्या पिशवींत राहणारे असंख्य सूक्ष्म जंतु करतात. दूधपित्या पिलाच्या पोटांत हे जंतु जवळजवळ नसतात. आईच्या दुधापासून पोटांत तयार होणारे कांहीं स्निग्ध पदार्थ अपायकारक जंतूंस वाढूं देत नाहींत. पुढें दोन-तीन आठवड्यांनंतर पिल्लूं आईच्या मऊ लेंड्या चाखूं लागतें व त्यांतून उपकारक जंतु त्याच्या पोटांत वस्तीस येतात. एका बाजूनें दुधाचें संरक्षण हळूहळू कमी होतें व दुसऱ्या बाजूनें नव्या जंतूंची वसाहत स्थिर होत जाते. ह्या नाजूक काळांत आई एकाएकीं तुटली, प्रवास घडला आणि अन्न बदललें, तर आंतड्यांत भलत्याच जंतूंचें राज्य होतें. हगवण लागते व पिल्लूं एक-दोन दिवसांतच मरतें. मुलें म्हणतात, 'कालपर्यंत तर चांगलें होतें!' खरें पाहतां तें चांगलें नव्हतें. तें लहान होतें.

चार आठवड्यांहून लहान पिल्लूं हातीं आलें, तर शक्य तितक्या लवकर त्यास त्याच्या आईकडे परत पोंचवावें. तें अशक्य असल्यास ऊबेंत ठेवून पशुवैद्याकडे न्यावें. गाईचें किंवा म्हशीचें दूध वाटींत ओतून त्याच्यापुढें ठेवूं नये. सशाच्या मादीच्या दुधांत स्निग्धांश सुमारें १२ ते १५ टक्के असतो, गाईच्या दुधांत अवघा ४ टक्क्यांच्या आसपास. पिलाची भूक त्यानें भागत नाहीं व पोट मात्र बिघडतें. कापसाच्या बोळ्यानें किंवा पिचकारीनें दूध घाईघाईनें तोंडांत सोडल्यास तें फुप्फुसांत उतरून पिल्लूं दगावतें. हें काम पशुवैद्याकडून शिकूनच करावें.

ज्यांच्या घरीं मादीच व्याली असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ती दिवसांतून बहुधा एकदांच व तेंहि तीन-पांच मिनिटें पाजते. तेवढ्यावरून ती निष्ठुर आहे असें मानूं नये. पिलांचीं पोटें वाटोळीं, अंग ऊबदार व तीं निवांत निजलेलीं असतील, तर सर्व ठीक आहे.

३. नर कीं मादी, आणि मोठेपणीं केवढा?

आठ आठवड्यांपूर्वीं नर-मादी ओळखण्यांत सरावलेले लोकहि फसतात. तेव्हां 'दोन्ही माद्याच आहेत' ह्या शब्दावर विसंबूं नये; तीन महिन्यांच्या सुमारास पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी व नर-मादी असल्यास वेगळीं ठेवावीं. लहान जातींचे ससे चार महिन्यांच्या आसपासच प्रजोत्पादनक्षम होतात आणि व्यालेली मादी त्याच दिवशीं पुन्हां गर्भ धरूं शकते. एका जोडीचें वर्षभरांत एक खिल्लार होतें, व मग तीं पिलें कोणास द्यावींत, हा प्रश्न मातापितरांपुढें उभा राहतो. जाणत्या पशुवैद्याकडून योग्य वयांत खच्चीकरण करून घेणें हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

जातीविषयींहि चौकशी करावी. आपल्याकडे पुष्कळ दिसणारा पांढरा, तांबड्या डोळ्यांचा ससा 'न्यूझीलंड व्हाइट' जातीचा किंवा तिच्या मिश्रणाचा असतो. त्याचे डोळे आलेले नसतात. डोळ्यांत रंगद्रव्यच नसल्यामुळें आंतील रक्ताचा रंग दिसतो. हा ससा मोठेपणीं ४ ते ५ किलो भरतो. 'नेदरलंड ड्वार्फ' ही बुटकी जात मात्र किलोच्या आसपासच राहते. ओंजळींत मावणारें पिल्लूं पाहून पिंजरा आणणाऱ्यानें त्याचें सहा महिन्यांनंतरचें रूप आधीं डोळ्यांपुढें आणावें.

४. पहिले तीन दिवस व राहण्याची जागा

घरीं आणल्यावर पहिले तीन दिवस पिलास शक्य तितकें एकटें सोडावें. शेजारपाजारच्या सर्व मुलांस तें दाखविण्याची हौस ह्या दिवसांत आंवरावी. पूर्वीं जें अन्न खात होतें तेंच चालू ठेवावें. बदल करावयाचा तो सात ते दहा दिवसांत थोडा-थोडा करावा. त्यास आंघोळ घालूं नये. भिजलेलें पिल्लूं गारठतें, व भीतीनें त्याचा प्राणहि जाऊं शकतो. अंगास घाण लागली असल्यास ओलसर फडक्यानें तेवढीच जागा पुसावी.

पिंजरा असा असावा कीं, ससा पूर्ण वाढल्यावरहि त्यास त्यांत तीन-चार उड्या मारतां याव्यात, मागच्या पायांवर उभें राहतां यावें आणि अंग ताणून निजतां यावें. तळ उघड्या जाळीचा नसावा. सशाच्या तळपायांस कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात, व जाळीनें त्यांस जखमा होतात. फळी टाकून तीवर वाळलेलें गवत किंवा भाताचा पेंढा अंथरावा. एका कोंपऱ्यांत लांकडी खोकें पालथें घालून त्यास दार ठेवावें, म्हणजे भय वाटतांच आंत शिरावयास बीळ मिळतें. मांजर, मुंगूस, घूस व साप यांपासून पिंजरा सुरक्षित असावा. मुंग्यांसाठीं पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. दिवसांतून कांहीं तास दार लावलेल्या खोलींत त्यास मोकळें सोडावें. परंतु विजेच्या तारा आधीं उचलाव्यात, कारण दिसेल तें कुरतडणें हा त्याचा धर्म आहे.

५. अन्न

सशाचे दांत जन्मभर वाढत राहतात. पुढचे दांत तर आठवड्यास सुमारें दोन-तीन मिलिमीटर वाढतात. गवत चावतांना ते झिजतात व बेतांत राहतात. ज्या सशास गवत मिळत नाहीं त्याचे दांत वेडेवांकडे वाढून गालांत व जिभेंत रुततात, आणि तो अन्नापुढें बसूनहि उपाशी मरतो. म्हणून ताटांतील मुख्य पदार्थ एकच, तो म्हणजे गवत. हरळी, मारवेल यांसारखें गवत, वाळलेलें असल्यास उत्तम, चोवीस तास त्याच्यापुढें असावें. लसूणघास वाढत्या पिलास चालतो. मोठ्या सशास मात्र तो बेतानेंच द्यावा. औषध फवारलेल्या शेतांतील, रस्त्याच्या कडेचें किंवा ढीग करून तापलेलें गवत देऊं नये.

हिरवा पाला, म्हणजे कोथिंबीर, मुळ्याचा पाला वगैरे, पिल्लूं तीन महिन्यांचें होईपर्यंत न देणें किंवा अगदीं चिमूटभर देणें बरें. पुढें एका वेळीं एकच नवी भाजी द्यावी व दुसऱ्या दिवशींची लेंडी पाहावी. गाजर हें सशाचें अन्न अशी सर्वत्र समजूत आहे. वस्तुतः गाजरांत साखर बरीच असते. तें मिठाईप्रमाणें, नखाएवढें व क्वचित द्यावें. पोळी, भात, बिस्किटें, फरसाण, चॉकलेट, कांदा, लसूण, बटाट्याचा व टोमॅटोचा पाला हीं कधींच देऊं नयेत. कण्हेर, घाणेरी व रुई हीं विषारी झाडें त्याच्या वाटेंत येऊं देऊं नयेत. सशास ओकारी होत नाहीं. एकदां पोटांत गेलेलें विष परत बाहेर येण्याचा मार्गच नाहीं.

पाणी जड, न लवंडणाऱ्या मातीच्या कुंड्यांत सदैव भरलेलें असावें. वजनाच्या दर किलोस दिवसास साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी ससा पितो. उन्हाळ्यांत आणखीहि पितो.

येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. ससा आपल्या कांहीं लेंड्या स्वतःच खातो. मुलें हें पाहून किळस करतात व त्यास हांकलतात. परंतु त्या लेंड्या निराळ्या असतात : मऊ, चकचकीत व द्राक्षांच्या लहानशा घोंसासारख्या. आंतड्याच्या पिशवींत जंतूंनीं तयार केलेलीं जीवनसत्त्वें व प्रथिनें त्यांत असतात, आणि तीं अंगीं लागावींत म्हणून ससा तें अन्न दुसऱ्यांदा पोटांतून नेतो. मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८८२ सालीं ह्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. गाय रवंथ करते तेव्हां आम्ही नाक मुरडीत नाहीं. सशाचें हेंहि एक प्रकारचें रवंथच आहे.

६. उन्हाळा

पाळींव सशाचा देह थंड हवेसाठीं घडलेला आहे. १६ ते २२ अंश सेल्सिअस ही त्याच्या सुखाची हवा. ३० अंशांपुढें तो कासावीस होतो. त्यास आमच्यासारखा घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता बाहेर टाकण्याचें मुख्य साधन म्हणजे त्याचे लांब कान. विदर्भांत वैशाख-ज्येष्ठांत पारा ४५ अंशांवर जातो. तेथें पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेला ससा एका दुपारींत मरतो. ह्या दिवसांत पिंजरा घरांतील सर्वांत थंड खोलींत, फरशीवर ठेवावा. खिडकीस ओलें गोणपाट लावावें, बसावयास पाण्यानें गार केलेली फरशी किंवा कौल द्यावें, आणि कान ओल्या हातानें अधूनमधून पुसावेत. ससा उघड्या तोंडानें धापा टाकूं लागला, कान तांबडे व गरम झाले व तो आडवा पडला, तर ऊन लागलें असें समजावें. त्यास सावलींत नेऊन कान पाण्यानें भिजवावेत व तत्काळ वैद्य गांठावा. बर्फाच्या पाण्यांत मात्र बुडवूं नये.

७. हातांत घेणें व त्याची भाषा

सशास कान धरून उचलण्याची रीत क्रूर व चुकीची आहे. एक हात छातीखालीं व दुसरा हात पार्श्वभागाखालीं देऊन त्यास आपल्या अंगाशीं धरावें. सशाचा सांगाडा फार हलका असतो. मांजराचीं हाडें त्याच्या वजनाच्या १२ ते १३ टक्के भरतात, तर सशाचीं अवघीं ७ ते ८ टक्के. मागचे पाय मात्र जोरकस. हातांत लोंबकळतांना त्यानें लाथ झाडली, तर त्या झटक्यानें त्याचाच कणा मोडतो व पाय कायमचे लुळे पडतात. म्हणून लहान मुलांनीं उभ्यानें ससा घेऊं नये. जमिनीवर बसावें व त्यास आपणहून मांडीवर येऊं द्यावें.

त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्यास मागचें व वरचेंहि दिसतें. परंतु अगदीं नाकासमोरचें दिसत नाहीं. वरून झडप घातल्यासारखा हात आला कीं त्यास घार आली असें वाटतें. हात बाजूनें व खालून न्यावा.

पिल्लूं हातांत गुपचूप बसलें म्हणजे तें लाडावलें, असें समजूं नये. पुष्कळदां तें भीतीनें थिजलेलें असतें. उताणें धरल्यावर तें निश्चल होतें, हाहि खेळ नव्हे. शिकाऱ्याच्या तावडींत सांपडल्यावर मेल्याचें सोंग घ्यावें तशी ती अवस्था आहे. खरा आनंद निराळा दिसतो : तो हवेंत वांकडी उडी मारतो, किंवा कुशीवर धपकन् पडून पाय पसरतो. मागचा पाय जमिनीवर आपटणें ही धोक्याची सूचना. दांत करकरां वाजवून अंग चोरून बसणें ही वेदनेची खूण होय.

८. दुखणें कसें ओळखावें?

रानांत दुबळेपणा दाखविणाऱ्या सशाला शिकारी आधीं टिपतो. म्हणून दुखणें लपविणें हा सशाचा जन्मजात स्वभाव आहे. तो आजारी दिसूं लागतो तेव्हां आजार पुष्कळ पुढें गेलेला असतो. यासाठीं रोज सकाळीं दोन गोष्टी पाहाव्यात : रात्रीं गवत खाल्लें कीं नाहीं, आणि लेंड्या किती व कशा पडल्या आहेत. वाटोळ्या, कोरड्या, भरपूर लेंड्या हें आरोग्याचें प्रशस्तिपत्र. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या किंवा बंद पडल्या, तर आंतडें मंदावलें. बारा तास ससा कांहींच खात नसेल, तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावा.

याखेरीज पातळ हगवण (एक ते तीन महिन्यांच्या पिलांत ही बहुधा आंतड्यांतील सूक्ष्म परोपजीवींमुळें होते), नाक वाहून पुढचे पाय चिकट होणें, कानांत किंवा नाकावर खरजेच्या खपल्या धरणें, मान एका बाजूस वळणें, ह्याहि खुणा तातडीच्या समजाव्यात. घरांतील माणसांचें औषध कदापि देऊं नये. पेनिसिलिनच्या वर्गांतील ॲमॉक्सिसिलिन आम्हांस तारतें. तेंच तोंडावाटे दिल्यास सशाच्या पोटांतील उपकारक जंतु मारून त्याचा जीव घेऊं शकतें. सशाची खरूज व गजकर्ण माणसासहि लागतात. म्हणून त्यास हाताळल्यावर साबणानें हात धुण्याची संवय मुलांस लावावी.

९. मातापितरांस विनंती

चांगला सांभाळलेला पाळींव ससा ८ ते १२ वर्षें जगतो. दहा वर्षांच्या मुलानें आणलेलें पिल्लूं तो मुलगा अठरा-बावीस वर्षांचा होईपर्यंत घरांत असूं शकतें. परीक्षा येतील, सुट्या येतील, मुलाचें मन दुसरीकडे जाईल. तेव्हां गवत कोण आणील, हें आधींच ठरवावें. मोठ्यांपैकीं एकानें तरी जबाबदारी आपली म्हणून पत्करली नसेल, तर ससा न आणणें हीच दया.

आणि कंटाळा आला म्हणून 'रानांत सोडून देऊं, तेथें सुखी होईल' असा विचार कोणीं करूं नये. पाळींव सशास रान ठाऊक नाहीं. बहुधा पहिल्याच रात्रीं तो कुत्र्याच्या किंवा मुंगसाच्या तोंडीं पडतो. जेथें तो जगला तेथें काय झालें, हें ऑस्ट्रेलियाच्या इतिहासांत लिहिलेलें आहे. १८५९ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांत टॉमस ऑस्टिन नांवाच्या जमीनदारानें शिकारीच्या हौसेनें सुमारें दोन डझन ससे सोडले. थोड्याच दशकांत ते कोट्यवधि झाले. त्यांनीं कुरणें उजाड केलीं व माती उघडी पाडली. पश्चिम ऑस्ट्रेलियांत १९०१ ते १९०७ ह्या काळांत त्यांना अडविण्यासाठीं शेंकडों कोस लांबीचीं कुंपणें घालावीं लागलीं, तरीहि ते सर्वस्वीं अडले नाहींत. एका माणसाच्या हौसेची किंमत एका खंडानें दिली.

१०. विद्यार्थ्यांनीं करावयाचा अभ्यास

ज्यांच्या घरीं पिल्लूं आहे त्यांनीं एक वही करावी. तींत पांच रकाने आंखावेत : तारीख, वजन, खाणें, लेंड्या व वागणूक. दर रविवारीं सकाळीं, एकाच वेळीं, स्वयंपाकघरांतील तराजूवर टोपलींत बसवून पिलाचें वजन करावें व टोपलीचें वजन वजा करून मांडावें. तीन-चार महिन्यांचें होईपर्यंत हा आंकडा दर आठवड्यास वाढला पाहिजे. एका आठवड्यास तो थांबला तर अन्न व दांत तपासावेत. खालीं आला तर पशुवैद्याकडे जावें व वही बरोबर न्यावी. 'परवापासून मलूल दिसतो' ह्या वाक्यापेक्षां वैद्यास त्या आंकड्यांचा उपयोग अधिक होतो. ज्यांच्या घरीं पिल्लूं नाहीं त्यांनीं शेताच्या बांधावर उभें राहून दुरूनच रानसशाकडे पाहावें. त्याचे कान, त्याची धांव, त्याची बसण्याची जागा टिपून ठेवावी. तोहि तितकाच उत्तम अभ्यास आहे.

प्राण्यावर प्रेम करणें सोपें आहे. त्यास समजून घेण्यास वेळ द्यावा लागतो. ज्यास भाषा नाहीं त्याचें दुखणें लेंडीच्या आकारावरून, कानाच्या ऊबेवरून व तराजूच्या कांट्यावरून वाचावें लागतें. हें वाचन ज्या मुलास आलें, त्याच्या घरचें पिल्लूं बहुधा मोठें होतें.